लुटुपुटूची

रोज संध्याकाळी बाबा आणि पिमेंता
हातघाईवर येतात.
दूध काढून झालेलं असतं, कॅन गाडीवर चढलेले,
समुद्रावरून वर आलेलं धुकं
हायड्रेंजियाच्या कुंपणात अडकलेलं.
बाबा बुटानं जमिनीवर थाप मारतात. एकदाच.
की ती पुढचे पाय पसरून, छाती चिखलाला टेकवून,
ढुंगण वर.
शेपटी नाहीच, नुसता तोकडा बुंधा,
तोच गदगदा हलवत.
मग दे दणादण.

गुरगुर अशी, की पोस्टमन आबिलियू
पत्रं फाटकाशीच ठेवून वळतो.
बाबा तिला उताणी पाडतात, कान ओढतात,
अशा शिव्या देतात, ज्या त्यांना येतच नाहीत
अशी आमच्या पाद्रीबाबांची समजूत आहे.
तिची जातच गाईंच्या टाचा धरणारी.
सहाशे किलोचं जनावर
तिच्या दोन सुळ्यांच्या धाकात टेकडी उतरतं.
त्या सुळ्यांमध्ये बाबांचं मनगट
अंड्यासारखं.

लहानपणी मला भीती वाटायची.
(तेव्हाची कुत्री वेगळी. ही तिसरी पिमेंता.
आमच्या घरी नवं नाव शोधायचा कंटाळा.)
आईला विचारलं, ती चावते का गं?
आई मक्याची कणसं सोलत होती.
म्हणाली, चावते की. पण लटकं.
मग बऱ्याच वेळानं, दुसऱ्याच कशाबद्दल बोलावं तसं,
आवाज नको ऐकूस.
कोण थांबतंय ते बघ.

हे मला पुढे माणसांच्या बाबतीतही उपयोगी पडलं.
एकदा. तेही उशिरा.

आणि खरंच, थांबणं सतत असायचं.
"आय!" करून बाबा ओरडले
की जबडा लगेच सैल, मान तिरकी,
दोघं धापा टाकत एकमेकांकडे बघणार,
मग पुन्हा थाप.

फेब्रुवारीत बाबा गोठ्यातच कोसळले.
डावी बाजू गेली.
चालणं परत आलं, काठीसकट.
डाव्या हाताची जाण आली नाही.
पोंता देलगादाच्या इस्पितळात इदालीना नावाची नर्स
त्यांच्या हातांवरचे जुने ओरखडे बघत राहिली,
मग दार लोटून मला हळूच म्हणाली,
घरी यांच्याजवळ कोण असतं?
मी म्हटलं, कुत्री.
तिनं लिहून घेतलं.
काय लिहिलं, देव जाणे.

मे महिन्यात त्यांनी पुन्हा थाप मारली.
दुधाच्या क्रेटवर बसून, काठीनं.
मी हातातला तवा टाकून धावले
आणि दारात थांबले.
पिमेंता आली, वाकली, बुंधा हलला,
आणि सवयीनं तिनं डावा हात धरला.
बाबा भलतीकडेच बघून हसत होते.
त्यांना कळलंच नव्हतं की खेळ सुरू झालाय.
तिनं जरासं दाबलं.
वाट पाहिली.
अजून जरासं.
"आय" आलं नाही.

तिनं हात सोडला.
तळवा हुंगला, मागची बाजू हुंगली,
मेलेलं वासरू जन्मलं की हुंगते तसा, नीट, घाई न करता.
एकदा चाटला.
मग क्रेटला वळसा घालून पलीकडे गेली
आणि उजव्या हातातली काठी धरून
जी ओढली!
बाबांची जीभ तोवर जड होती,
पाणी मागायलाही तीनदा प्रयत्न लागायचे.
शिवी मात्र स्वच्छ आली.

तेव्हापासून डावा हात खेळात नाही.
हे त्यांनी तिला सांगितलेलं नाही, मीही नाही.

मीच एकदा रात्री
ते रेडिओ ऐकत असताना
त्या हाताला चिमटा घेतला.
दुखतंय?
कुठे, म्हणाले.
मग जरा जोरात.
आता?
ते रेडिओतच होते.
मग अजून.

सकाळी तिथे निळं पडलं होतं,
नाण्याएवढं.
बाबांनी ते पिमेंतावर ढकललं, हसत,
आणि मी बटाटे सोलत राहिले.
ती टेबलाखाली होती.
तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं.